कच्चा डिफेन्स

शुक्रवारी दुपारी दीड वाजता मी रियाधमध्ये कुणाचाही फोन घेत नाही. तेव्हा कोल्हापुरात चार वाजलेले असतात आणि आमच्या तालमीची मॅच सुरू होते. बाहेरच्यांना पटत नाही, पण आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्तीची माती नव्हे. पेठेपेठेतल्या तालमींच्या फुटबॉलच्या टीमा असतात, आणि त्यांच्यापायी सख्खे साडू वर्षवर्ष एकमेकांच्या घरी जेवत नाहीत. मी सोळा वर्षं इथं एका बँकेच्या आयटीत आहे. राहायचा परवाना, म्हणजे इकामा, इथला, पोराची शाळा इथली, पण जीव त्या मैदानावर अडकलेला.

आता खरं सांगायचं तर मी स्वतः सीनियर टीममध्ये एक मिनिटही खेळलेलो नाही. दोन सीझन बाकावर बसलो, पाण्याच्या बाटल्या पुरवल्या आणि इंजिनिअरिंगला पळालो. खेळला तो माझा धाकटा भाऊ. चौदा वर्षं स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहणारा शेवटचा माणूस. तो हेड मारायला उडाला की गॅलरीतनं आरोळी यायची, "भिंत हाय रं, भिंत!" आणि आमचे अण्णा तिसऱ्या पायरीवर बसून शेजाऱ्याला सांगायचे, "धाकटा माझा." थोरला काय करतो, हे त्या गॅलरीत कुणी विचारत नसे.

गेल्या सीझनच्या शेवटी आमचा डिफेन्स एकदमच संपला. राइट बॅक पोलिसात भरती झाला आणि त्याला गडचिरोलीला पाठवलं. लेफ्ट बॅकला पलीकडच्या पेठेनं फोडला, त्याचं तर तोंड बघायचं नाही असं ठरलंय. आणि भावाचा गुडघा गेला. तालमीच्या कमिटीनं जाहीर केलं की आता नवी बांधणी. नवी बांधणी म्हणजे काय, तर मिसरूड फुटलेली चार पोरं मागं उभी केली. त्यातला सगळ्यात मोठा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्याच मॅचला चार गोल खाल्ले. नवा राइट बॅक बॉलच्या मागं पळत पार पुढं जायचा आणि त्याच्या मागची जागा अशी मोकळी पडायची की तिथनं उसाचा ट्रॅक्टर गेला असता. लेफ्ट बॅक थ्रो घेतानासुद्धा गॅलरीत आपली आई आलीय का बघायचा.

मी तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाळ काढला. राइट बॅकचं नाव मी 'चाळण' ठेवलं आणि ते चाललं. दुबईवाले, पुणेवाले, सगळे हसले. मॅच मंगळवारी असली तर बँकेत मॉनिटरला फोन टेकवून बघायचो, आणि बोटं चालूच. "याला बॅक कुणी केलं? रिक्षा चालवायला सांगा." माझी बायको म्हणाली, "एवढं कळतंय तर जावा की खेळायला." माझ्या पोराचं मराठी यथातथाच. तो दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, व्हाय आर यू शाउटिंग ॲट अ फोन?" मी त्याला दार लावून घ्यायला सांगितलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक सौदी पोरगा बसतो. त्याच्या क्लबनंही जुने बॅक काढून ॲकॅडमीची पोरं घातलीत. दर रविवारी आठवडा सुरू झाला की तो कावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतता ओतता विचारायचा, "तुमचा डिफेन्स कसाय?" मी कपाळाला हात लावायचो. तो म्हणायचा, "सबर. धीर धर. दोन वर्षं दे त्यांना." मला राग यायचा. ह्याला सबर सांगायला काय जातंय? ह्याचा बाप दोन गल्ल्या सोडून राहतो, हा रोज संध्याकाळी त्याच्या हातचा चहा पिऊन घरी जातो. ह्याला कसली घाई?

आता घरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी अण्णांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. माणूस अंगानं आडवा, पहिल्यापासनं. त्यांना पलंगावरनं खुर्चीत, खुर्चीतनं बाथरूमला नेणं भावाकडं होतं. शिरोलीच्या फाउंड्रीत शिफ्टला जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा. त्याची एक रीत होती. आपले गुडघे अण्णांच्या गुडघ्यांना टेकवायचे, काखेतनं हात घालायचे, आणि "एक, दोन, हुप्प" करून सरळ उभं करायचं. डॉक्टरनं त्याला साफ सांगितलं होतं, चाल, जिने चढ, वडिलांना उचल, पण पळताना वळायचं नाही. वळलास की पाय हातात येईल. मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं अशी पळवाट मला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्यात हत्यारांची पूजा असते. आईनं फोटो पाठवला होता. विळी, कोयता, भावाचे पाने-पकडी, आणि कडेला त्याचे फुटबॉलचे बूट. बुटांवर झेंडूचं फूल. खाली आईनं लिहिलं होतं, "पूजा करून माळ्यावर ठेवले. बास म्हणाला." जानेवारीत आमची टीम हरत हरत तळाला गेली, पुढची मॅच पलीकडच्या पेठेबरोबर होती, त्या फोडलेल्या लेफ्ट बॅकसकट, तेव्हा मला तो फोटो आठवला. मी भावाला फोन लावला.

"एकच मॅच," मी म्हटलं.

"दादा, गुडघा."

"गुडघ्याचं निमित्त सांगू नको. भ्यालास तू."

तो हसला. म्हणाला, "व्हय, भ्यालो. ठेवू?"

तिथं मी थांबायला पाहिजे होतं. पण मी आईला व्हिडिओ लावला आणि फोन अण्णांच्या समोर धरायला सांगितला. मोठ्यानं विचारलं, "अण्णा, पेठेची इज्जत चाललीय. धाकट्याला एक मॅच खेळू दे का?" अण्णांचे डोळे एकदम उजळले. जन्मभर तिसऱ्या पायरीवर बसलेला माणूस तो, दुसरं काय होणार! त्यांनी डावा हात उचलला आणि अंगठा वर केला. भाऊ मागं दारात उभा होता. आई फोन आपल्याकडं वळवून म्हणाली, "तू लांबनं सांगतोस बाबा," आणि फोन बंद केला. त्या संध्याकाळी बूट माळ्यावरनं खाली आले. मला जिंकल्यासारखं वाटलं. मी ग्रुपवर टाकलं, "भिंत परत येतीय."

शुक्रवारी मी भात-आमटी लवकर उरकली, पडदे ओढले, लॅपटॉप टीव्हीला जोडला. चित्र धुरकट, मध्येच अडकायचं. पण पहिला अर्धा तास असा गेला की मी सोफ्यावर बसलो नाही. तो पळतच नव्हता. नुसता हातानं दाखवायचा, तू आत ये, तू थांब, आणि ती पोरं त्याच्या हातावर चालायची. 'चाळण' पहिल्यांदाच आपल्या जागेवर राहिली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. हाफटाइमला शून्य-शून्य.

नंतर वीसेक मिनिटांनी त्यांच्या फॉरवर्डनं बॉल भावाच्या बाजूनं टाकला आणि आत वळला. भाऊही वळला. मला दिसलं ते एवढंच, की तो मागं राहिला, फॉरवर्ड एकटा पुढं गेला आणि गोल. भाऊ गवतावर आडवा. कॅमेरा पलीकडच्या गॅलरीतल्या नाचाकडं गेला, परत आला, तरी हा आडवाच. माझं डोकं फिरलं. मी ग्रुपवर लिहिलं, "गोल खाऊन वर लोळायची नवी फॅशन आली वाटतं. ऊठ की लेका, नाटकं बास."

कुणी हसलं नाही. मग टीव्हीवर दिसलं, दोन पोरं त्याला उचलतायत आणि त्याचा पाय गुडघ्याच्या खाली भलतीकडंच वळलाय. मी मेसेज डिलीट केला, सगळ्यांसाठी. पण ते ॲप फार इमानी. मेसेज जातो, "हा मेसेज डिलीट केला आहे" ही ओळ तुमच्या नावाखाली राहते. आणि त्याआधी शंभरावर लोकांनी तो वाचलेला होता. मैदानाच्या कडेला बसलेले राखीव खेळाडूही त्याच ग्रुपवर.

रात्री भावाचा फोन आला, हॉस्पिटलमधनं. मी माफी मागायची तयारी करून बसलो होतो. वाक्यं ठरवलेली. त्यानं मला बोलूच दिलं नाही. म्हणाला, "दादा, उद्या सकाळी अण्णांना उठवायचं कुणी?"

"माणूस ठेवू या. मी बघतो सगळं."

"ठेवला होता की गेल्या वर्षी. अण्णा परक्याला हात लावू देत न्हाईत. विसरलास?"

मी विसरलो नव्हतो. मला कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्हाला सुट्टी. मी पहाटेपासून आईला फोन लावत होतो. आईनं उचलला तेव्हा अण्णा खुर्चीत बसलेले, चहा पीत. त्यांच्या दोन्ही बाजूला तालमीची जर्सी घातलेली दोन पोरं. एक लेफ्ट बॅक, गॅलरीत आई शोधणारा. दुसरा ज्याला मी चाळण म्हणायचो तो. कुणी बोलवलं नव्हतं. प्रॅक्टिसला जायच्या आधी सात वाजता आले आणि म्हणाले, कसं उचलायचं तेवढं सांगा. आईनं भावाला फोन लावून दिला, त्यानं पडल्या पडल्या सांगितलं. अण्णांनी आधी जर्सीकडं बघितलं, मग हात वर केला. "काळजी करू नका दादा," राइट बॅक मला स्क्रीनवर म्हणाला, "आम्ही हाय." त्यानं माझे सगळे मेसेज वाचले होते. त्याच्या तोंडावर त्यातलं एकही दिसत नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं.

रविवारी शेजारच्या सौदी पोरानं कावा ओतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी सगळं सांगितलं, कसं कुणास ठाऊक. त्यानं सबर म्हटलं नाही. "तू इथं आहेस," तो म्हणाला, "मग वडिलांजवळ कोण आहे?" मी म्हटलं, फुटबॉलवाली पोरं. त्याला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं.

रजा मागितली तर मॅनेजर म्हणाला, सिस्टीम बदलायचं काम चालू आहे, ते झाल्यावर. मग माझ्या जागी बघणारा माणूस आजारी पडला. मग इथनं बाहेर पडून परत यायला लागणाऱ्या व्हिसाचा कागद एका टेबलावर अडकला आणि रोज "बुकरा", म्हणजे उद्या. मी भांडलो नाही. ग्रुपवर एवढा वाघ असलेला माणूस मी, मॅनेजरच्या केबिनमध्ये 'येस सर, शुअर सर' करून बाहेर यायचो. पाच आठवड्यांनी दहा दिवस मिळाले.

पहाटे घरी पोचलो. भाऊ बाहेरच्या खोलीत कॉटवर, पायाला मांडीपर्यंत पट्टा. मला म्हणाला, "आलास? चहा घे." त्या मेसेजबद्दल तो तेव्हा बोलला नाही आणि अजूनही बोललेला नाही. बोलला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

साडेसहाला अण्णा जागे झाले. पोरं यायला वेळ होता. मी म्हटलं, आई, आज मी उठवतो. गुडघे टेकवले, काखेतनं हात घातले आणि म्हटलं, "एक, दोन…" अण्णांचं अंग लाकडासारखं ताठ झालं. डाव्या हातानं त्यांनी पलंगाची दांडी गच्च धरली. माझ्याकडं बघितलं, ओळखून, नीट बघितलं, आणि तुटक तुटक म्हणाले, "पोरं… येऊ देत."

बाहेरनं भाऊ ओरडला, "दादा, नको. त्यांना तुझी सवय न्हाई."

सातला पोरं आली. राइट बॅकनं चपला काढल्या, अण्णांना "काय म्हणताय कॅप्टन" म्हणाला, आणि एका दमात उभं केलं. अण्णा हसले. मग तो मला म्हणाला, "दादा, तुम्ही कमरेतनं वाकता, तिथं चुकतंय. गुडघ्यातनं वाका. आणि घाई करू नका, त्यांना कळतंय." मी रोज बाजूला उभा राहून बघत होतो. टीम तळालाच होती. त्या आठवड्यात आणखी एक मॅच हरली, मी गॅलरीत तिसऱ्या पायरीवर बसून बघितली, आणि तोंड उघडलं नाही.

नवव्या दिवशी पलंगावरनं उतरवताना अण्णांनी मला पायांकडची बाजू धरू दिली. दहाव्या दिवशी माझं विमान होतं.