हे तूच ना रे?

वटार गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशी मोबाइलवरून पैसे पाठवताना स्क्रीनवर आलेलं खातेदाराचं नाव आधी मोठ्यानं वाचतात. पाववाला रोजचा असला तरी त्याला विचारतात, "हे तूच ना रे?" तो हसतो, मावशी हसत नाहीत.

त्यांचा मुलगा परदेशात असतो. त्याचे फोन येणं बंद झाल्यापासून त्या केळीला पाणी घालायलाही मोबाइल घेऊन जातात.

परवा मी त्यांच्या ओट्यावर बसले होते, तेव्हा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला. "आई, मी अडचणीत आहे. या नंबरवर लगेच पैसे पाठव." आवाज हुबेहूब मुलाचा होता. मावशींनी नंबर टाकला, तर नाव भलत्याचंच आलं. ते त्यांनी मनातल्या मनात वाचलं आणि पैसे पाठवले नाहीत. मी खुणेनं सांगितलं, फोन ठेवा. त्यांनी ठेवला नाही.

"जेवलास का? तिकडे थंडी आहे का रे फार?" त्या विचारत राहिल्या. शेवटी पलीकडच्यानंच वैतागून फोन कापला.

"मावशी, कुणीतरी त्याच्या आवाजाची नक्कल करून फसवत होतं. कळलं ना तुम्हाला?"

"कळलं गं," त्या म्हणाल्या. "पण आवाज त्याचा होता ना. तेवढा ऐकून घेतला."