बुटीक म्हणजे कोठार

मारेगावात आमच्या घराच्या भिंतीला टेकून टिनाचं उतरतं छप्पर आहे, त्याखाली माझं बांगड्यांचं दुकान, पाटीवर ‘बँगल शॉप’. धाकट्या जावेने रस्त्यापलीकडे स्लॅबच्या खोलीत साड्या-बांगड्यांचं दुकान थाटलं, दर्शनी काच लावली आणि वर रंगवून घेतलं, ‘बुटीक’. ती सातवी शिकलेली. यवतमाळला राहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले ती मी. पण शब्द तिने उचलला, आणि शब्दामागे माझी गिऱ्हाइकं गेली.

कापसाची ती वाईट वर्षं होती. लग्नं लांबत होती, झाली तरी आटोपशीर. त्या हंगामात मोठा चुडा एकाच घरच्या लग्नात होता. त्या घरच्या प्रत्येक पोरीचे हात मी भरले होते. ह्या वेळी नवरीची आई काचेपुढे रेंगाळताना दिसली आणि माझा जीव जळाला.

कॉलेजातली जाड डिक्शनरी मी पेटीतून काढली. तिच्यात शब्दाचं मूळही दिलेलं असायचं. ‘बुटीक’ फ्रेंचांकडून आला, त्यांना तो ग्रीकांकडून मिळाला आणि मुळात अर्थ माल साठवायचं कोठार. मला फार बरं वाटलं. पुस्तक मिटलं आणि तडक रस्ता ओलांडला. नवरीची आई आतच होती.

“अगं, बुटीक म्हणजे कोठार. गोदाम! पाटी लिहायच्या आधी मले विचारायचं तरी,” मी म्हटलं.

जाऊ साडीची घडी घालत होती, ती थांबलीही नाही. “बरंच हाय की बाई. कोठारात माल तरी भरून असते. अन् तुमच्या शॉपचा काय अर्थ निघते?”

तोही मी पाहून ठेवला होता. खोटं बोलता आलं असतं, पण बी.ए.ची घमेंड आडवी आली.

“भिंतीला टेकून काढलेला आडोसा,” मी म्हटलं.

नवरीची आई पदर तोंडाशी धरून हसली. “म्हंजे बरोबर तुमचंच दुकान जी!”

चुड्याच्या बांगड्या तिने तिथूनच घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हात भरायला नवरीला जावेकडेच आणलं. मी माझ्या टिनाखाली बसून सगळं पाहत होते. जावेला विकता येत होतं, भरता येत नव्हतं. हिरव्या काचेची बांगडी तिने अंगठ्याच्या गाठीवरून रेटली आणि ती कडकन गेली. चुड्यातली बांगडी फुटली असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. नवरीच्या आईने पोरीचा हात ओढून घेतला. पोरीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला होता.

“बाई, या ना हो लवकर!” जावेने दारातून हाक मारली.

बसून राहावं असं मनात आलं. चांगलं वाटलं असतं. पण हात त्या पोरीचा होता. उठले.

साबणाचं पाणी मागवलं. “सासरी पहिल्या दिवशी काय रांधशील?” असं पोरीला विचारलं. ती लाजून हसली, हात सैल पडला. तोच गाठ दाबून मी बांगडी सरकवली. दोन्ही हात भरून झाले, एकही वाढली नाही. पोर उठून माझ्या पाया पडली. आईने माझ्या ओटीत खण-नारळ घातला. जावेची ओटी कोणी भरली नाही. चुडा भरणाऱ्या हाताला पाया पडतात, विकणाऱ्याला नाही. जाऊ काउंटरमागे उभी होती. पैसे तिच्या हातात होते आणि डोळे माझ्या ओटीवर.

संध्याकाळी ती माझ्या टिनाखाली येऊन बसली.

“बाई, मले शिकवा ना हात भरनं.”

“शिकवीन ना,” मी म्हटलं.

तिचं बुटीक अजून जोरात आहे. हात भरायचे असले की मला बोलावतात. ती अधूनमधून विचारते. मी अजून शिकवलेलं नाही.