बाबांच्या खाटेतले ढेकूण

बाबांना झटका आला तेव्हा ते परसात आकडीने शेवग्याच्या शेंगा काढत होते. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सोळा दिवस हॉस्पिटलात काढून आम्ही त्यांना घरी आणलं. आमचं घर चौक गावाच्या पुढे, जुन्या हायवेवरून आत वळल्यावर लागणाऱ्या गावात. घरात आम्ही चौघं. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. मीही तिकडेच दुसऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बायको कर्जतला एका शाळेच्या ऑफिसात. म्हणजे दिवसभर बाबांपाशी आईच, आणि आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वर करता येते, तशी हॉस्पिटलसारखी लोखंडी खाट हवी होती. ओळखीतल्या एकाचे सासरे नुकतेच वारले होते, त्यांची खाट रिकामी पडली होती. ती मी खोपोलीहून टेंपोत घालून आणली, रेक्झिनच्या गादीसकट. फिनाईलच्या फडक्याने गादी पुसली, चादर घातली आणि बाबांना वर घेतलं. चांगली वस्तू लगेच मिळाली याचाच आनंद झाला होता.

थंडी होती तोवर काही जाणवलं नाही. होळीच्या सुमाराला बाबा अंग खाजवायला लागले. डावा हात तेवढा चालत होता, त्या हाताने पोहोचेल तिथे खाजवायचे. मान, खांदा, लुळा पडलेला उजवा हात. बाजू लुळी असली तरी तिथली खाज त्यांना कळत होती. सकाळी कामावर जायच्या आधी मी त्यांचं अंग पुसायचो, तेव्हा पाठीवर लाल गांधी दिसायच्या. तीन-चार, एका रांगेत. मी पाहायचो आणि पावडर मारायचो. डॉक्टर म्हणाले, "साखर आहे ना, त्वचा कोरडी पडते. मलम लावा." मलम आणलं, दोन ट्यूब संपल्या.

चादरीवर बारीक तपकिरी ठिपके पडायचे, पेनाची शाई झिरपल्यासारखे. धुताना बायकोने एकदा दाखवलेही. "हे कसले हो डाग?"

"खाजवून रक्त काढतात ते. नखं काप त्यांची," मी म्हणालो.

त्याच दिवसांत बाबांनी खाटेवर ठोकायला सुरुवात केली. डाव्या हाताची बोटं वळवून ते कडेच्या लोखंडी पाइपावर टकटक करायचे. आम्ही गेलो की थांबायचे, आमच्याकडे बघायचे, परत पाइपावर मारायचे.

"काय पायजे? पानी?" आई विचारायची. मान हलायची, नाही. "लघवीला?" नाही. शेवटी आई म्हणाली, "त्यांना हाक मारता येत नाय ना रं. घंटी आन एखादी."

मी पितळेची छोटी घंटा आणून हाताशी बांधली. बाबांनी ती ओढून तोडली आणि जमिनीवर टाकली. त्यांचा स्वभाव आधीच तापट, त्यात हे दुखणं. चिडचिड होणारच, असं आम्ही धरून चाललो.

मग एके सकाळी त्यांच्या मानेवर खाजवून मोठी जखम झालेली दिसली. उशी रक्ताने चिकटली होती. हात बांधायची कल्पना माझीच. हॉस्पिटलात नळ्या ओढू नयेत म्हणून नर्सनी बाबांचा हात काही दिवस खाटेला बांधला होता, ते मी पाहिलं होतं. मी मऊ जुना पंचा घेतला आणि डावं मनगट दांड्याला बांधलं. झोपताना, आणि सकाळ-संध्याकाळ आई स्वयंपाकाला गेली की. पहिल्या दिवशी बाबांनी जोर करून पाहिला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं. आई म्हणाली, "नको रं, सोड त्यांना." मी म्हणालो, "जखम चिघळली तर काय करशील? साखर आहे त्यांना."

पाचव्या दिवशी मी पंचा घेऊन गेलो, तर त्यांनी स्वतःच हात दांड्यापाशी नेऊन ठेवला. मला बरं वाटलं. बायकोला म्हणालोसुद्धा, "आता ऐकायला लागलेत."

अकरा दिवस असं चाललं. अकराव्या दिवशी रविवार होता. दुपारी बाबांना उचलून पडवीत खुर्चीवर बसवलं होतं, आई शेजारी बसून त्यांना वारा घालत होती. बाबांसाठी रात्री उठून-उठून झालेल्या आठवडाभराच्या जागरणाने मला उभं राहवत नव्हतं. बाबांची खाट रिकामी दिसली, तिच्यावरच आडवा झालो. खोलीत अंधार राहावा म्हणून खिडकी लावलेली होती. तासाभराने जाग आली ती हात पेटल्यासारखा झाला म्हणून. कोपरापासून मनगटाकडे चार गांधी. एका रांगेत.

मी उठून बसलो. मग उतरलो, खिडकी उघडली, चादर काढली, गादीची कड उलटी केली.

शिवणीत ते दाटीवाटीने बसले होते. मोठे, रक्त पिऊन टम्म झालेले, आणि बारके, फिकट, पारदर्शक. कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा थर साचला होता. गादी हलली तसा वास सुटला, सडक्या कोथिंबिरीसारखा, गोडसर आणि घाण. लहानपणी मी हा वास घेतलेला होता. ढेकूण. मी खाटेचा पाइप पाहिला. त्याच्या टोकाचं रबरी बूच गायब होतं. मी पाइपावर बोटांनी ठोकलं. आतून तीन-चार बाहेर आले आणि उजेड पाहून परत आत गेले.

बाबा तिथेच ठोकत होते. बरोबर त्याच जागी.

आई आत आली. मी तिचा हात धरून शिवणीवर नेला. तिला दिसलं नाही, पण वास आला. "मलाबी चावत व्हतं रं," ती म्हणाली. "खाली निजते ना मी. मला वाटलं डास."

पडवीत जाऊन मी बाबांचा सदरा काढला आणि पहिल्यांदा त्यांची पाठ नीट, उन्हात पाहिली. तिच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

त्या दिवसापासून बाबा खाली चटईवर, पडवीत. आईने रॉकेल शोधून काढलं, मी पातेल्यामागून पातेलं उकळतं पाणी पाइपांत ओतलं. चादरी, उशांचे अभ्रे, कपडे सगळं उकळलं. गादी वाडीच्या कडेला नेऊन जाळली. बायकोने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, त्यामागे दोन सापडले. आठ दिवसांनी आईच्या गोधडीत परत दिसले. तेव्हा कर्जतहून औषध फवारणारा बोलावला.

त्याने बॅटरी घेऊन एकेक जागा दाखवली. स्क्रूची भोकं, दाराच्या चौकटीची फट, स्विचबोर्ड. फटीत खसखशीएवढी पांढरी अंडी चिकटलेली. "औषधाने हे मरतील, अंडी मरत नाहीत," तो म्हणाला. "पंधरा दिवसांनी परत मारायला लागेल. तोवर या खोलीतलं सामान बाहेर न्यायचं नाही, नाहीतर घरभर होतील." मग खाटेकडे बघून त्याने विचारलं, "पेशंट किती दिवस झोपत होते यावर?"

"तीन महिने."

तो तोंडाला फडकं बांधून कामाला लागला.

गावात आम्ही वाळवी लागली म्हणून सांगितलं. पडवीवरून जाणारे थांबायचे, चौकशी करायचे आणि आम्ही वाळवीचं सांगायचो. बाबा ऐकत असायचे. दुसरी फवारणी झाल्यावर मी खाट अंगणात घेतली आणि बाबांच्याच पान्यांनी तिचा बोल्ट न् बोल्ट सोडवला. भंगारवाल्याने नेली. घरातले ढेकूण संपले. पुढे महिनाभर रोज बॅटरी घेऊन मी कोपरे तपासत होतो, एकही दिसला नाही.

बाबांची पाठ बरी झाली, जखम भरली. खाजवणं थांबलं. पण ठोकणंही थांबलं. काही हवं असलं तरी ते आता खूण करत नव्हते. तहान लागली तरी आई विचारेपर्यंत पडून राहायचे. मी तोंड पुसायला टॉवेल घेऊन जवळ गेलो की डावा हात पुढे करायचे, मनगट वर करून. "नाही बाबा, बांधत नाही," मी म्हणायचो. हात तसाच राहायचा. मी टॉवेल बाजूला ठेवून ओल्या हातानेच त्यांचा चेहरा पुसायला लागलो.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी त्यांच्यापाशी बसलो आणि म्हणालो, "बाबा, चुकलं माझं. तुम्ही सांगत होतात, मला कळलं नाही." डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना समजतं सगळं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, घशातून आवाज आला, पण शब्द झाला नाही. मी वाट पाहिली. थोड्या वेळाने त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांनी माफ केलं, की राग होता, की नुसते दमले होते, मला सांगता येणार नाही.

श्रावणात दुसरा झटका आला आणि ते गेले.

बायको म्हणते, तुम्हाला काय माहीत होतं? ते खरं आहे, मला माहीत नव्हतं. पण रोज सकाळी त्यांची पाठ माझ्यासमोर होती. आई त्या दिवसांबद्दल बोलत नाही. कोणी विचारलं तर सांगते, शेवटी शेवटी फार शांत झाले व्हते.