कडेचं प्यादं

सोनईत आमच्या घरी संध्याकाळी पट मांडला की सासऱ्यांच्या समोर मीच बसायची. त्यांना आम्ही मामा म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला उंट-घोडे शिकवले. नवरा, दीर कुणाला हौस नव्हती. ती जागा माझी होती, बस्स.

मग श्रीगोंद्याची धाकटी जाऊ आली. म्हणे मोबाईलवर बुद्धिबळ खेळते. मामांचे डोळे असे चमकले की मी पट माझ्याकडे ओढून घेतला. "आधी तुमी दोघी खेळा. जिंकंल ती माझ्यासंग," मामा म्हणाले.

आमच्या घरात डाव उघडतो तो मधल्या प्याद्यानं. हिनं वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मी म्हटलं, "अगं बाई, मधली मेली का?" ती नुसती हसली. मामा मात्र खुर्ची ओढून पुढं सरकले. माझ्या डावाला कधी सरकले होते?

पाच-सहा चालींनंतर मी घोडा हलवला आणि कडेला दबा धरून बसलेला तिचा उंट सुसाट तिरका आला. कोपऱ्यातला माझा हत्ती गट्टम!

"ठेव गं परत, चुकून झालं," मामा मला म्हणाले. त्यांनी स्वतःच हत्ती जागेवर ठेवला. मी मनात म्हटलं, बघ, कुणाचे आहेत ते!

पुढं तिचा हात वजिराला लागला आणि ती थबकली.

"हात लावला ना? आता त्योच चालव."

"मामा, चुकून..."

"न्हाई. चालव."

तिचा वजीर गेला. थोड्या वेळानं मी मात दिली. अस्सा आनंद झाला म्हणून सांगू!

मामांनी मात्र मला उठवलं आणि स्वतः तिच्यासमोर बसले. "लई भारी उघडलास डाव. परत तसाच उघड."

"मामा, जिंकले मी!" माझा आवाज चढला. "आणि तिला एक चाल परत दिली नाहीत. मला तर रोज देता."

ते सोंगट्या लावत राहिले. "तुला न्हाई दिली तर तू रुसतीस, पोरी. मग जेवत न्हाईस."

इतक्या वर्षांचे माझे सगळे जिंकलेले डाव तिथंच गेले. धाकटी खाली मान घालून बसली होती. ती हसली असती तरी चाललं असतं. तिला माझी कीव आली होती, मेलीला.