मनोहरचा हुंकारा

मनोहर पराते गेला, ही बातमी मला त्याच्याच दारात कळली. काखेत मासिकाचा नवा अंक होता आणि त्यातल्या एका गोष्टीच्या पानाचा कोपरा मी दुमडून ठेवला होता. त्या गोष्टीत माणसं कुठल्याशा ग्रहावर उतरणार होती, आणि माणसं ग्रहावर उतरली की मनोहर खूश. शहराबाहेर वाडीला बसमधून उतरलो, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत त्याच्या खोलीपाशी आलो, तर बाहेर चपलांचा ढीग. घरमालक पुढे येऊन म्हणाले, "सकाळीच गेले जी. चहा पिता पिता." छातीत दुखतं म्हणाला आणि संपलं... त्या गर्दीत तो अंक कुठे ठेवावा हेही मला सुचेना. शेवटी तसाच काखेत धरून घरी परत आणला. पुढे महिनाभर अंक टेबलावर दिसला की माझी आपली वाडीला निघायची तयारी सुरू होई.

आम्ही दोघं खापरखेड्याच्या वीज केंद्रात भांडार विभागात कारकून. मी शहराच्या जुन्या महाल वस्तीतला, पिढ्यान् पिढ्या लेखणी घासणाऱ्या घरातला. तो विणकरांच्या घरातला, वडील आणि काका हातमागावर बसलेले. पहिल्या दिवसापासून तो मला 'पंत' म्हणू लागला आणि पुढे सगळी कचेरीच म्हणू लागली. त्याला वाचनाचं वेड होतं, पण कसलं? उडत्या तबकड्या, बोलणारी यंत्रं, पाताळातली नगरं, पंख फुटलेल्या राण्या. दिवाळी अंक हातात आला की आधी विज्ञानकथा, मग अद्भुतकथा, आणि उरलेला अंक माझ्या अंगावर. मी संगीत नाटकांवर पोसलेला माणूस. मला त्यात काडीचा रस नव्हता. एकदा डबा खाताना मी त्या सगळ्याला थापा म्हटलं. त्याने घास खाली ठेवला. "काहून गा पंत, तुह्या नाटकातला राजा मरता मरता गाणं म्हणते, थे तुले चालते?" 

ऐन चाळिशीत त्याला काचबिंदूनं गाठलं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग अंधार आत आत सरकत आला, आणि एका उन्हाळ्यात सगळंच गेलं. नोकरी सुटली, वसाहतीतलं घर सुटलं. कमलावहिनी मॅट्रिक झालेल्या; त्यांना वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचं काम मिळालं, म्हणून दोघं तिथेच भाड्याची खोली घेऊन राहिले. मूलबाळ नव्हतं. वहिनी कामावर गेल्या की घरात हा एकटा. ज्याच्या बडबडीनं कचेरीत साहेब कावायचे, तो माणूस मुका झाला. "भाऊजी, हे दिवसभर भिताडाकडं तोंड करून बसून राहतात," वहिनी मला एकदा दाराबाहेर येऊन म्हणाल्या. "असंच चाललं तं हा माणूस हातचा जाईल."

माझ्या मेव्हण्यानं परदेशातून आणलेला टेपरेकॉर्डर माझ्याकडे धूळ खात पडला होता. तो मी नेऊन दिला. बेत साधा होता: वहिनींनी रविवारी गोष्टी वाचून कॅसेट भरायची आणि मनोहरनं ती आठवडाभर ऐकायची. पण पहिल्याच रविवारी वहिनींनी मासिक उघडलं, लाल बटण दाबलं आणि गप्प बसल्या. "हे यंत्र हो म्हणत नाही अन् नाही म्हणत नाही. याले काय वाचून दाखवू?" त्यांच्या माहेरी उमरेडला वडील मागावर बसल्या बसल्या गोष्टी सांगत आणि मुली सुताच्या कांड्या भरता भरता हुंकारा भरत, म्हणजे अधूनमधून 'हं' म्हणत. हुंकारा थांबला की वडीलही थांबत. "हुंकारा नसला तं गोष्ट वाट चुकते," वहिनी म्हणाल्या.  शेवटी मनोहरच खुर्ची ओढून यंत्राशी येऊन बसला. "वाच वं. मी हावो ना."

तशा त्या कॅसेटी भरल्या गेल्या. वहिनींचा जरा अडखळता, पण गोड आवाज, मागे अमरावती रोडवरचे ट्रक, आणि दर दोन-चार वाक्यांनी मनोहरचं 'हं'. मंगळावर यान उतरत असताना हॉर्न वाजतो आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. वहिनींना त्या गोष्टी पटत मुळीच नसत, आणि न पटलेलं पोटात ठेवायची त्यांना सवय नाही. "चंद्रावर चहा पिऊन राहिले हे लोक. दूध कुठून आणलं बाप्पा?" असं त्या मध्येच विचारत आणि तेही टेपवर जाई. मनोहरचे 'हं' सुद्धा नाना परींचे. एक संशयाचं, एक "पुढे काय" असं अधीर, एक भीतीचं. यान पृथ्वी सोडून वर जाताना तर तो 'हं' म्हणायचंच विसरला. वहिनी थांबल्या. "झोपले का?" "नाही वं. जाऊ दे ना त्याले वर..."

एक गोष्ट माझ्यासमोर भरली गेली. तळ्याखाली बुडालेलं एक गाव असतं, एक शास्त्रज्ञ पाण्यात तार सोडतो आणि तळातून बारीक आवाज येतो, "वर कुणी ऐकतंय का?" वहिनींनी एवढं वाचून श्वास घेतला, तोच मनोहर म्हणाला, "हं!" तेही इतक्या तत्परतेनं की वहिनींना हसू आवरेना. ते हसूसुद्धा कॅसेटवर गेलं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी मनोहरला मोठ्यानं हसताना पाहिलं. नंतर त्यानं मला सांगितलं, "आता एकटं नाही वाटत पंत. कमल वाचते, अन् बाजूले कोणीतरी बसून हं म्हणून राहते. थो मीच हाय, हे विसरूनच जातो मी."

पुढे तो शहरात अंध माणसांच्या एका कार्यशाळेत खुर्च्या विणायला जाऊ लागला. वेताची पट्टी कशी ताणायची हे त्याच्या विणकर बोटांना शिकवावं लागलं नाही, असं तो मोठ्या तोऱ्यात सांगे. जाताना कॅसेटी नेई, आणि दहा-बारा माणसं विणता विणता तळ्याखालच्या गावी जाऊन येत. तिथे एका वाचनालयाचे गृहस्थ आले. त्यांना कॅसेटी आवडल्या, प्रती काढून गावोगाव पाठवायच्या होत्या. फक्त मध्ये मध्ये जे कुणी हं हं करतं, ते नको होतं. वाचन शुद्ध हवं. मला राग आला. मनोहरला मुळीच आला नाही. "साहेबाचं बरोबर हाय. गोष्ट सगळ्यांची असते. माहा हं लोकाले कायले पायजे?" नव्या कॅसेटी परवडणाऱ्या नव्हत्या. मग वहिनींनी जुन्यांवरच त्याच गोष्टी पुन्हा वाचून भरल्या. हुंकाऱ्याशिवाय त्यांना जमेना, म्हणून मनोहर समोर बसून नुसती मान हलवी. त्या वाचता वाचता वर बघत, मान हलली की पुढे जात. मान हललेली टेपवर उमटत नाही, मनोहरचा आवाज कायमचा जातोय, हे तेव्हा वहिनींच्या किंवा माझ्या लक्षात आलं नाही.

तेरवी झाल्यावर मी गेलो, तेव्हा वहिनी टेपरेकॉर्डरपुढे बसल्या होत्या. सगळ्या कॅसेटी बाहेर काढलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, सगळ्या ऐकल्या. मीच बोलून राहिली सगळीकडं. यांचा आवाज कुठंच नाही..."  त्याच्या घरात त्याचे कपडे होते, काठी होती, त्यानं विणलेली खुर्ची होती. आवाज मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून, चांगल्या हेतूनं, पुसून टाकला होता. घरी येऊन मी स्वतःवरच दात-ओठ खाल्ले.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत गेलो. तिथले जुने कारागीर मारोतराव म्हणून आहेत, त्यांना मनोहरच्या 'हं'ची एखादी जुनी कॅसेट उरली आहे का, असं विचारलं.  मग त्यांनी वेताच्या भेंडोळ्याखालून एक कॅसेट काढली. तळ्याखालचं गाव. "वहिनीनं पुन्हा भराले मागितली होती जी. आम्ही सांगितलं, हरवली. थ्या नव्या कॅसेटी चांगल्या हायेत, पण ऐकता ऐकता डुलकी लागते. हे लावली का परातेभाऊसंगं आम्हीबी हं म्हणतो." मी विचारलं, मनोहरला हे ठाऊक होतं का? मारोतराव हसले. "थेच तं म्हणे, दडवून ठेवा." साहेबाचं बरोबर आहे म्हणणारा हाच तो मनोहर! मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

कॅसेट आता कार्यशाळेची होती. ती कायमची नेणं बरं दिसलं नसतं. म्हणून प्रत काढायला शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणला आणि वहिनींच्या खोलीत दोन यंत्रं तोंडाला तोंड लावून ठेवली. एकावर वाजवायची, दुसऱ्यावर भरायची. तोवर खोलीत कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असं मी वहिनींना बजावलं. त्या मनोहरच्या खुर्चीत पदर घट्ट धरून बसल्या. गोष्ट सुरू झाली. पहिलं 'हं' आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग तार पाण्यात सुटली आणि तळातून प्रश्न आला, "वर कुणी ऐकतंय का?" मनोहरचं 'हं' आलं. त्याच्या पाठोपाठ खुर्चीतून वहिनींचंही. त्यांनी दचकून तोंडावर हात दाबला. यंत्रातल्या वहिनी मात्र खळखळून हसत होत्या.

कॅसेट संपल्यावर मी विचारलं, "पुसून पुन्हा भरू का?" त्या म्हणाल्या, "आता काहीच पुसू नका, भाऊजी." मग कॅसेट बाहेर काढत म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या काखेत अंक होता. त्यातली गोष्ट राहिलीच."

परवा रविवारी मी तो घेऊन गेलो. वहिनींनी दुमडलेला कोपरा सरळ केला, मला मनोहरच्या खुर्चीत बसवलं आणि वाचायला लागल्या. मधेच म्हणाल्या, "एवढ्या दूर जातात आणि सोबत एक लोणच्याची बरणी नाही." बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. यान खाली आलं, दार उघडलं, माणसं त्या ग्रहावर उतरली. वहिनी थांबल्या. मी म्हणालो, "हं."