बाळंतिणीच्या खोलीतला पंखा

लेक पहिल्या बाळंतपणाला भाईंदरला आमच्याकडे आली, तेव्हा मी मजेत बारीक होत होते. मजेतच म्हणायचं, कारण नवघरच्या बाजारात भेटेल ती बाई विचारायची, "दीदी, कौन सी डायटिंग चालू है?" मी दोन माणसांचं जेवत होते आणि साडीला निऱ्या जास्त पडत होत्या. थायरॉईड झाला की बाई जाड होते, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे छातीतली धडधड, उडालेली झोप, सगळं लेकीच्या काळजीवर ढकलून दिलं.

नात झाली. आम्ही रत्नागिरीकडची माणसं, बाळंतिणीला वारा लागू देत नाही. खिडकी बंद, पंखा बंद, लेकीच्या कानांना रुमाल. नियम माझाच, आणि त्या खोलीत मलाच बसवेना. ब्लाउज घामाने चिंब व्हायचा. मी पंखा लावायचे, लेक बंद करायची.

"आई, तूच सांगितलंस ना?"

मी ओल्या बाळंतिणीवर खेकसायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. माझं मलाच कळत नव्हतं काय होतंय ते.

बाळाला न्हाऊ घालायला बाई लावायची नाही, असं मी ठणकावून सांगितलं होतं. माझ्या लेकीला माझ्या आईने न्हाऊ घातलं, आता नातीला मी घालणार. पाटावर बसून पाय लांब केले, तेल लावलेली नात पायांवर घेतली आणि हात थरथरायला लागले. निसटेल म्हणून घट्ट धरलं, तर ती कळवळून रडली. लेकीने तिला उचलून घेतलं.

मग रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "थायरॉईड जास्त काम करतोय." शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच चुकून गळ्यातल्या या ग्रंथीला डिवचत राहते, म्हणून ही धडधड, थरथर, उकाडा, चिडचिड.

"टेन्शनमुळे झालं का?" मी विचारलं.

"नेमकं सांगता येत नाही. कधीकधी घराण्यात असतं," ते म्हणाले. गोळ्यांनी आराम पडेल, पण वेळ लागेल. नात काय तोवर तान्ही राहणार होती?

शेवटी जवळच्या मुर्धा गावातून एक बाई न्हाऊ घालायला येऊ लागली. "तू बस गो बाय, मी हाय ना," ती म्हणायची. मी हॉलमध्ये पंख्याखाली बसून पाण्याचा आवाज ऐकायचे.

एकदा न्हाणं झाल्यावर लेकीने दुपट्यात गुंडाळलेली नात माझ्यापुढे धरली. "घे ना आई."

मी म्हटलं, "आधी गादीवर ठेव." मग शेजारी आडवी झाले आणि एक बोट पुढे केलं. तिने ते मुठीत घट्ट पकडलं. माझं बोट काही थांबेना, आणि त्याच्याबरोबर तिची मूठही थरथरायला लागली.