कोरड्या नदीचे तीन फोटो

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग येतो. आमच्या आळीत एक बाई होत्या, त्यांना दर अमावस्येला कोणी ना कोणी दिसायचं. मी तोंडावर म्हणायचे, आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. या सदरातले अनुभवही मी निम्मे वाचून अंक खाली ठेवते. पण आता वय ऐंशीच्या घरात आलं, आणि ही हकिकत ठाऊक असलेलं दुसरं कुणी उरलेलं नाही… म्हणून लिहिते. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो खरा आम्हाला भोवला त्र्याहत्तरच्या चैत्र-वैशाखात. आम्ही तिसगावात राहायचो. यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला — पुढे एक खोली, तिथे पडदा आणि खुर्ची. मागे एक खोली, तिथे अंधार. फोटो हे काढायचे. धुणं, सुकवणं आणि रिटचिंग माझ्याकडे. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देत बसायचं. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की फोटोत तेवढी जागा उजळ होते. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं मी घालवायचे. लग्नाला आलेल्या किती मुलींचे चेहरे मी गुळगुळीत केले असतील, देवच जाणे.

त्या वर्षी लग्नं नव्हतीच. काम नाही म्हटल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण यांच्याकडे कुठल्याशा कॅलेंडरवरचं वाळवंटाचं चित्र होतं — उंट, वाळूच्या टेकड्या वगैरे. तसा फोटो काढायची यांना फार वर्षांची हौस. मला म्हणाले, ‘‘राजस्थानला जायला नको आता. वाळवंटच इकडे आलंय.’’ आणि कोरड्या ओढ्यानाल्यांत जाऊन वाळूचे फोटो काढायला लागले. सकाळची वाळू, दुपारची वाळू, वाऱ्याने उठलेल्या रेघा. वेळ कसा जातो ते वाळूत दिसतं म्हणे. मी म्हटलं, वेळ कसा जातो ते मला विचारा, मी हंड्याच्या रांगेत उभी असते. एक फोटो धुवायला पाणी किती लागतं! हायपोचं, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाचं पाणी पुन्हा कशालाच चालत नाही, म्हैससुद्धा तोंड लावत नाही. यावरून आमचं रोज वाजायचं.

माझं माहेर तिथून सहा-सात मैलांवर. गावाचं नाव लिहीत नाही. नदीकाठचं गाव, पण नदी पार आटलेली, विहिरींना तळ दिसत होता. दादा आणि वहिनी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. म्हणजे पाणी आणायचं आईने. साठी उलटलेली बाई, दोन कोसांवरच्या गावाहून डोक्यावर घागर घेऊन यायची, दिवसातून दोनदा. फाल्गुनात एकदा वाटेत भोवळ येऊन पडली, गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घागर डोक्यावर. मला झोप लागत नसे.

गावाने टँकरसाठी अर्ज केला होता. दादा पंचायतीत मेंबर, त्यामुळे खेटे त्यालाच. तालुक्याच्या कचेरीतले भाऊसाहेब म्हणाले, पाणी नाही याला पुरावा काय? नदीचे फोटो लावा. एक नाही, तीन. एकाच जागेवरून, आठ-आठ दिवसांनी काढलेले. टंचाई वाढत चालल्याचं दिसलं पाहिजे. दादाने विचारलं, आटलेली नदी अजून किती आटणार? तर म्हणे नियम आहे. तुम्ही येऊन बघा म्हटलं, तर जीप दुसऱ्या गावांना गेलेली. असली माणसं.

हे मात्र खूश. एकच जागा, एकच वाळू, आठ-आठ दिवसांनी… यांना हवं तेच सरकारने सांगितलं होतं. लाकडी स्टँड कॅमेरा सायकलवर बांधून गेले, पात्रातल्या एका खडकाशेजारी उभा केला, भर दुपारी पहिला फोटो काढला. संध्याकाळी मी निगेटिव्ह धुतलं, फोटो छापला. खडकाच्या खालच्या अंगाला वाळू काळपट दिसत होती. ओल असावी तशी.

मी यांच्यावरच उखडले. निगेटिव्ह नीट बुडवलं नसेल, काच पुसली नसेल. हे म्हणाले, धुतलंस तू. झालं, तो दिवस भांडणात गेला. डाग तर डाग, कोण बघतंय, म्हणून तसाच फोटो दादाने नेऊन दिला. भाऊसाहेबांनी बरोबर तेवढंच बघितलं. म्हणाले, ‘‘नदीला ओल आहे की. झिरा खणा.’’

दादाने चार माणसं घेऊन तिथे झिरा, म्हणजे पाझरासाठी वाळूत खड्डा खणला. दोन दिवसांची मजुरी बुडवून पुरुषभर खोल गेले. खाली खडक लागला, पण ओलाव्याचा थेंब नाही. दादा तिसगावात येऊन यांना नको नको ते बोलला. ‘‘दाजी, कुठल्या नदीचा फोटू काढला तुमी?’’ जावयाला माणूस असं बोलत नाही, पण त्याचंही बरोबर होतं.

आठ दिवसांनी दुसरा फोटो. या वेळी मी नवा डेव्हलपर कालवला, पाणी गाळून घेतलं, काच तीनदा पुसली. फोटोत तीच जागा — आणि तिथे डबकं. चांगलं खाटेएवढं, त्यात आभाळ चकाकत होतं. यांनी तो फोटो कंदिलाशी नेऊन पुन्हा पुन्हा बघितला. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला संताप आला. माणसं तिकडे तहानेने तडफडताहेत आणि हे कागदावर डबकी दाखवतंय. जे काही असेल ते! दाखवायचं होतं तर द्यायचं होतं.

कचेरीत काय झालं असेल ते सांगायला नको. भाऊसाहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि दादाला म्हणाले की तुमच्याकडे तर पाणी वाढतंय. वर हेही सांगितलं की टँकरच्या गावांची यादी येता सोडून पुढच्या सोमवारी वर जाणार. तिसरा फोटो कोरडा असला तर नाव घालतो, नाहीतर पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात आई असेल की नाही याची मला खात्री नव्हती.

तिसऱ्या फोटोला मी स्वतः गेले. शुक्रवार होता. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून मी पात्र बघितलं. त्या काचेवर चित्र उलटं दिसतं, पण उलटी का होईना, नदी कोरडी ठणठणीत होती. तरी मला चैन पडेना. मी म्हटलं, मधोमध एक माणूस उभं करू. माणसाचे पाय कोरड्या वाळूत दिसले की कोण काय बोलणार? आई नेमकी पाण्याची खेप टाकून आलेली. तिलाच उभी केली. तिचा जन्मात पहिला फोटो. पदर सारखा करून, हात कपाळाला लावून ती कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली. वाळू इतकी तापलेली की चपलेतून मला चटके बसत होते, आणि ही अनवाणी. हे बराच वेळ खुडबुड करत होते. मी ओरडले, आई, पाय भाजतील, खडकावर ये. तर म्हणाली, ‘‘न्हाई गं. लई गार हाय हितं.’’ उन्हाने डोकं फिरलंय म्हणून मी तिला रागावले आणि सावलीत नेऊन बसवलं.

त्या संध्याकाळी लाल कंदिलाच्या उजेडात कागदावर आई हळूहळू उमटली. ती नडगीपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी या काठापासून त्या काठापर्यंत. साधं साचलेलं नाही, वाहतं — तिच्या पायांशी फुटून दोन्ही बाजूंनी वळत होतं. हात कपाळाला नव्हता. लुगडं जरा वर धरलेलं, आणि मान खाली घालून ती पाण्याकडे बघत होती. हे म्हणाले, हलली असेल. हलली असती तर पुसट आली असती ना? लुगड्याचा काठ न् काठ स्वच्छ आला होता.

मला राहवेना. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने माहेरी गेले आणि फोटो आईपुढे धरला. विचारलं, तू खाली का बघितलंस? म्हणाली, फोटू काढताना मी पाव्हण्यांकडंच बघत हुते की. मग फोटो लांब धरून ती बघत राहिली.  तिच्या तोंडावरचा शीण उतरलेला मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

‘‘मी लगीन होऊन आले तवा अशीच हुती नदी,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यो मला दे, शके.’’

मी म्हटलं, वेड लागलंय का? हा फोटो कोणी बघितला तर टँकर विसरा. उद्या भाऊसाहेब पंचनाम्याला आले आणि घरात हे सापडलं तर दादाला खोटारडा ठरवतील. ती म्हणाली, कुनाला दावायची न्हाई, पेटीत तळाला ठेवते. मी आधीच तीन आठवडे जळत होते. तिच्या हातातून फोटो ओढला आणि चुलीत घातला. ती उठली, घागर घेतली आणि दुसऱ्या खेपेला गेली.

रविवारी दिवसभर मी ते निगेटिव्ह घेऊन खिडकीशी बसले. पाणी जिथे काळं तिथे पेन्सिल, जिथे चकाकत होतं तिथे ब्लेडने हलके खरवडायचं. वाळूचा एकेक कण मी ठिपक्याठिपक्याने भरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळ्यात अवघड होते तिचे पाय. पाण्याखाली ते दिसतच नव्हते, म्हणजे मलाच काढायचे होते. आईचे पाय कसे आहेत ते मला आठवेना… लाज वाटली. शेवटी बोटं, घोटे, अंदाजाने काढले. संध्याकाळी फोटो छापला. कोरड्या वाळूत मान खाली घालून उभी असलेली म्हातारी. सोमवारी भाऊसाहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, हां, आता कशी टंचाई दिसतेय. आठवड्याभरात टँकर आला. तीन फोटोंमधला एकच खोटा होता की दोन, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आईची पायपीट थांबली. मी भेटायला गेले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, फोटू पुन्हा निघंल का? मी सांगितलं, आता निघत नाही, मी खरवडलंय. ‘‘बरं केलंस, टँकर तरी आला,’’ एवढंच म्हणाली. पण त्यानंतर यांनी कितीदा कॅमेरा लावला, ती समोर उभी राहीना. म्हणायची, माझा एक काढलाय की, तो द्या. त्या पावसाळ्यात नदीला पाणी आलं, यांनी हौसेने फोटो काढले. नदीसारखी नदी आली, दुसरं काही नाही.

कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. निगेटिव्हच्या काचेवर आधीचा फोटो राहिला असेल असं एक मास्तर म्हणाले. मग आई त्यात कशी आली, ते त्यांना सांगता येईना. हे जाईपर्यंत डोकं खाजवत राहिले. मी विचार करणं सोडून दिलं.

आई आणखी चार वर्षं जगली. गेली तेव्हा फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली, आणि होता तो टँकरसाठी काढलेला एवढाच. दादाने तोच मोठा करून घेतला. तेराव्याला पाटावर ठेवून हार घातला. सगळ्या भावकीच्या बाया एकेक करून येत होत्या, काचेवर खाली, पायांपाशी हात लावून नमस्कार करत होत्या. मी भिंतीला टेकून बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, ते तिचे पाय नाहीत, ते मी पेन्सिलीने काढलेत. तिचे पाय पाण्यात आहेत, गार पाण्यात. वहिनीने मला खूण केली. मीही पुढे झाले आणि त्याच पायांना हात लावला.